धारवाडची वाट आणि तालुक्याची गोळी



गेले काही दिवस इथं सगळे आपापल्या गावच्या आठवणी लिहिताहेत. वाडे, शाळा, गणपती, नाटकं, खाणावळी. वाचताना बरं वाटतं. पण एक गोष्ट आपल्या सगळ्याच गावांत होती, अजून आहे, आणि ती कुणाच्याच आठवणीत येत नाही. आज तिच्याबद्दल लिहितो. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

आमच्या बेळगावात कुणी थोडं विचित्र वागलं की लोक हसत म्हणतात, "ह्याला धारवाडला पाठवायला पायजे." पुण्याकडे हेच येरवड्याचं नाव घेऊन म्हणतात, मुंबईकडे ठाण्याचं. बडोद्याचं सरकारी मनोरुग्णालय कारेलीबागेत, इंदूरचं बाणगंगेला, हैदराबादचं एर्रागड्ड्याला. गोव्याचं पूर्वी पणजीत आल्तिनोवर होतं, आता बांबोळीला आहे. तिथली मंडळी ही नावं कशी वापरतात ते त्यांनीच सांगावं. माझा अंदाज, आमच्यासारखीच. ज्या घरातल्या माणसाला खरोखर तिथं न्यावं लागलं, त्या घरानं ही चेष्टा ऐकताना कुठं बघायचं, हे काही कुणाच्या मनात येत नाही.

मी बेळगावात छत्तीस वर्षं औषधाचं दुकान चालवलं. आता मुलगा बघतो. दुकानदाराला गावाची दुखणी डॉक्टरांच्या आधी कळतात असं म्हणतात, ते बरंचसं खरं आहे. मनाच्या आजाराची चिठ्ठी घेऊन येणारा माणूस मला लांबूनच ओळखू यायचा. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असेल तर तो बाहेरच थांबायचा. गर्दी ओसरली की आत येऊन चिठ्ठी खिशातून नव्हे, पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून काढायचा. शहापूरची माणसं गोळ्या घ्यायला कॅम्पात जायची आणि कॅम्पातली माणसं शहापुरात यायची, म्हणजे ओळखीचं कुणी भेटायला नको. साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी लोक मोठ्यानं नाव घेऊन मागतात. ही गोळी मात्र, "मालक, त्या… नेहमीच्या द्या की," अशी. आणि वर, "कागदात बांधून द्या."

हे सगळं आपण 'लोकांची मानसिकता' म्हणून सोडून देतो. जनजागृती करा, म्हणतो. भाषणं होतात, १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची फेरी निघते. त्याला माझा विरोध नाही. पण गल्ल्यामागं बसून मला एक दिसलं ते असं: लाज असूनही माणसं औषध घ्यायला येत होती. घरातली बाई दागिना मोडून येत होती. औषध तुटायचं ते बहुतेक वेळा लाजेनं नव्हे; अंतरानं, खर्चानं आणि सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या फळीनं. म्हणून सरकारनं या कामावर पैसा वाढवावा असं मला वाटतं, आणि तो कशावर वाढवावा हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी आमच्याकडची वाट सांगतो. धारवाडचं इस्पितळ मुंबई इलाख्याच्या काळापासूनचं. तेव्हा बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार सगळं त्याच इलाख्यात होतं. १९५६ साली राज्यं नव्यानं पाडली, आम्ही म्हैसूर राज्यात गेलो, पाट्या बदलल्या, कचेऱ्या बदलल्या. मनाच्या आजाराची वाट तेवढी तीच राहिली. आज त्या संस्थेला डिम्हान्स म्हणतात, शिकवणारे डॉक्टर आहेत, पूर्वीच्या 'वेड्यांच्या इस्पितळा'शी तिची तुलना करणं बरोबर नाही. पण वाट बघा. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडचा माणूस. आधी जंगलातून बेळगाव, मग तिथून पाऊणशे किलोमीटर धारवाड. एकट्यानं जाता येत नाही, बरोबर घरचं कुणीतरी लागतं. म्हणजे दोघांचं तिकीट, दोघांचा बुडालेला रोजगार, बाहेरचं जेवण, उशीर झाला तर मुक्काम. हे सगळं कशासाठी, तर बऱ्याचदा महिन्याच्या गोळ्यांसाठी. आणि त्या गोळ्या? या आजारांवरची जुनी, नीट पारखलेली औषधं आता स्वस्त आहेत. कित्येक घरांत महिन्याच्या दुधाचं बिल त्यापेक्षा जास्त येतं. गोळी आणायला जाण्याचा खर्च गोळीपेक्षा मोठा, असा हा उलटा हिशेब मी वर्षानुवर्षं पाहिला.

मग काय होतं? दोन महिने माणूस बरा असतो. शेतात जातो, जेवतो, झोपतो. घरचे म्हणतात, बरा झाला की, कशाला परत एवढा खर्च. भातलावणीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. गोळी थांबते. लगेच काही होत नाही, त्यामुळे निर्णय बरोबर होता असं वाटतं. आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, सगळं परत सुरू. झोप उडते, कानात कुणीतरी बोलायला लागतं, शेजाऱ्यांवर संशय. मग 'बाहेरचं झालंय' म्हणून देवर्षी, अंगारा, कोंबडं. त्यात आणखी दोन महिने आणि गोळ्यांच्या दहापट पैसे. शेवटी हातपाय बांधून जीपमधून धारवाड. हेच चक्र एकाच घरात चार-चार वेळा झालेलं मला माहीत आहे.

दुसरी एक बारीक गोष्ट. एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातून एका शिक्षकाच्या भावाला फुकट गोळ्या मिळायच्या. चांगलं चाललं होतं. एकदा तिथला साठा संपला, "पुढच्या महिन्यात या," म्हणाले. पुढच्या महिन्यात गोळी आली ती दुसऱ्या कंपनीची. औषध तेच, रंग वेगळा. आधीची पांढरी, ही पिवळी. भाऊ म्हणाला, मला विष देताहेत. ज्या आजारात माणसाला आधीच संशय येतो, त्या आजारात गोळीचा रंग बदलणं ही साधी बाब नसते. समजावून सांगणारं तिथं कुणी नव्हतं, कारण समुपदेशकाची जागा रिकामी होती. शिक्षक दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्याकडे आले. मी पाकिटावरचं नाव वाचून दाखवलं, भावाला आणायला सांगितलं, त्यालाही दाखवलं. अर्धा तास लागला. तो अर्धा तास देणारा माणूस पगारी असावा आणि सरकारी दवाखान्यात बसलेला असावा, एवढीच माझी मागणी आहे.

ही मागणी काही नवीन नाही, आणि आभाळातून आणायची गोष्टही नाही. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्यानंतर बेंगळुरूच्या निम्हान्सनं आमच्याच उत्तर कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात एक प्रयोग केला. मोठं इस्पितळ न बांधता तिथल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि आरोग्यसेवकांना शिकवलं, नेहमीची औषधं तिथंच ठेवली, आणि आजारी माणसावर त्याच्या गावाजवळच उपचार होऊ शकतात हे दाखवून दिलं. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. सुरुवातीला देशभरात चार जिल्हे, आज कागदावर जवळजवळ सगळे. कर्नाटकात पुढं 'मनोचैतन्य' नावाचा कार्यक्रम आला. त्यात ठरलेल्या मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याच्या दवाखान्यात येऊन बसतात. ज्या तालुक्यात हा मंगळवार चुकत नाही, तिथल्या लोकांची धारवाडची खेप वाचते. मंगळवार चुकला, डॉक्टर रजेवर, गोळी संपली, की माणूस परत जुन्या वाटेला लागतो.

म्हणजे योजना आहे, रस्ता माहीत आहे. कमी काय पडतं? पैसा, आणि नियमितपणा. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. प्रौढांमध्ये दहातल्या एकाला मनाचा काहीतरी आजार, आणि आजारानुसार शंभरातले सत्तर ते ब्याण्णव जण उपचाराविना, असं त्यात निघालं. मानसोपचारतज्ज्ञ लाखामागे एकसुद्धा नाही. २०२२ साली देशात १ लाख ७० हजारांवर लोकांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. आणि केंद्राच्या आरोग्यखर्चात या कामाचा वाटा जेमतेम एक टक्का, त्यातलाही मोठा भाग निम्हान्ससारख्या मोठ्या संस्थेला. निम्हान्स देशाला हवंच, तिथून शिकून आलेले डॉक्टर आमच्या भागात काम करतात. पण कणकुंबीच्या माणसाला बेंगळुरूची इमारत कितीही मोठी झाली तरी काय उपयोग?

इमारतींबद्दल ग्वाल्हेरच्या मंडळींना मी काय सांगणार? तिथल्या मानसिक आरोग्यशाळेतल्या रुग्णांच्या हालांचं प्रकरण नव्वदच्या दशकात थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. भिंती होत्या, खाटा होत्या, पण आतल्या माणसांकडे बघणारी माणसं पुरेशी नव्हती. इमारतीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. 'या वर्षी तालुक्यात एकही दिवस गोळी संपली नाही' याचा फोटो कसा काढणार? त्यामुळे राजकारणी माणसाचा ओढा कुणीकडे असणार हे उघड आहे. त्याला दुसरीकडे ओढायचं काम आपलं.

आता भाषेचं सांगतो. सीमाभागातल्या माणसानं भाषेचा विषय काढला की ऐकणारा सावध होतो, म्हणून आधीच सांगतो, हे त्या वादाचं नाही. पाय मोडला तर एक्स-रे दिसतो, साखर वाढली तर रक्तात कळते. मनाच्या आजारात डॉक्टरकडे तपासायला रुग्णाचं बोलणंच असतं. आमच्याकडची म्हातारी म्हणते, "जीव उडून जातोय बघा." मुलगा डॉक्टरांना कन्नडमध्ये सांगतो, छातीत धडधडतंय. म्हातारीच्या छातीचा आलेख निघतो, तो चांगला येतो, आणि ती घरी. "डोक्यात पाणी शिरल्यागत होतंय," "हातापायात जीवच नाही," "कशात मनच लागंना," ही वाक्यं दुसऱ्या भाषेत नेताना त्यातलं दुखणंच सांडून जातं.

त्यापेक्षा वाईट म्हणजे दुभाषा कोण असतो ते बघा. बाईबरोबर नवरा असतो, नाहीतर सासू. आता ज्या बाईचं दुखणंच त्या घरात आहे, तिनं नवऱ्याच्या तोंडून डॉक्टरला काय सांगायचं? एक बाई माझ्याकडे दर पंधरा दिवसांनी झोपेच्या गोळ्या मागायला यायची, चिठ्ठीशिवाय. मी देत नसे. एकदा म्हणाली, "दवाखान्यात हे असतेत ओ संगट. काय बोलू मी तिथं?" तिला गोळीपेक्षा मराठी बोलणारी एक परिचारिका आणि एक बंद दार हवं होतं.

आणि हे दोन्हीकडून आहे. जत, अक्कलकोटकडच्या कन्नड बोलणाऱ्या बाईला महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात असंच होत असणार. तिलाही कन्नड बोलणारं माणूस मिळालं पाहिजे. बडोद्यातल्या, हैदराबादेतल्या आपल्या शिकलेल्या माणसांना गुजराती, तेलुगू, हिंदी छान येते, बाजार होतो, नोकरी होते. पण घरातली ऐंशीची आजी विसरायला लागली की शेवटी तिच्याजवळ पहिली भाषाच उरते, हे कित्येक घरांनी अनुभवलं असेल. तिला प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचे, हा म्हणूनच उपचाराचा भाग आहे.

बरं, हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. १९१२ चा कायदा 'वेड्यांचा' होता, नावातच तसं होतं. १९८७ चा आला तोही मुख्यतः इस्पितळात कसं ठेवायचं, कसं सोडायचं याचा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा वेगळा आहे. सरकारनं चालवलेली किंवा सरकारी पैशावर चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणं हा प्रत्येकाचा हक्क, असं त्यात आहे. ती परवडणारी, पुरेशी आणि जवळ असावी असंही आहे. दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. माणसाला समाजात, घरात राहण्याचा हक्क आहे, नुसतं घरच्यांना नको म्हणून इस्पितळात ठेवून देता येत नाही. आणि आमच्या दृष्टीनं सर्वात कामाचं म्हणजे, आजाराची आणि उपचारांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत द्यायची जबाबदारी त्यात डॉक्टरवर टाकली आहे. भाषेचा हक्क मागायला आम्ही दुसरीकडे किती कागद रंगवले! हा आयता लिहून मिळालेला हक्क मात्र फारसा कुणाला माहीत नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून टेली मानस ही सरकारी फोनसेवा सुरू आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि वीस भाषांत आहे, त्यात मराठीही आहे. ज्या बाईला नवऱ्यासमोर बोलता येत नाही, तिच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. नंबर लिहून ठेवा, घरात काम करायला येणाऱ्या मावशींनाही द्या. पण फोनवरून गोळी येत नाही. फोनवरचा माणूस शेवटी म्हणणार, जवळच्या दवाखान्यात जा. तो जवळचा दवाखाना चालता असेल तर त्या फोनला अर्थ.

काही मित्र म्हणतात, सरकार कुठं कुठं पुरणार? खासगी डॉक्टर आहेत की आता बेळगावात. आहेत, आणि चांगले आहेत. पण हा ताप नव्हे, पाच दिवसांत उतरायला. दहा-दहा, वीस-वीस वर्षांचं काम असतं. काही औषधांबरोबर मधूनमधून रक्त तपासावं लागतं. पगारदार माणूस निवृत्त झाला की त्यालाही जड जातं, मग हमालीवर जगणाऱ्याचं काय? आणखी एक ऐकतो, "आपल्या घरात देवदयेनं असं काही नाही." मी यावर काही बोलत नसे. कारण असं म्हणणाऱ्यांपैकी काहींची चिठ्ठी माझ्या दुकानात येऊन गेलेली असायची. बहिणीचं लग्न व्हायचंय म्हणून लपवलेलं, नोकरी जाईल म्हणून लपवलेलं. त्यांना दोष देणार नाही. स्थळ बघायला आलेले लोक काय काय विचारतात हे आपल्याला माहीत आहे.

पण एक सांगतो. ज्या घरांनी लपवलं त्यांनी पैसे भरून, दुसऱ्या शहरात नेऊन, कसंतरी निभावलं. त्यामुळे सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहून "गोळी का नाही?" असं विचारणारं आपल्यातलं कुणी उरलंच नाही. रांगेत राहिले ते ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही ते. शाळा असो, वाचनालय असो, रेल्वे थांबा असो, आपल्या लोकांनी निवेदनं दिली, शिष्टमंडळं नेली, पदरमोड केली. या एका बाबतीत आपण गप्प राहिलो, आणि सरकारला गप्प बसलेल्यांवर खर्च करायची घाई कधीच नसते.

मग मागायचं काय? एक, तालुक्याच्या दवाखान्यात नेहमीच्या औषधांचा किमान तीन महिन्यांचा साठा, आणि ज्यांचं चांगलं चाललंय त्यांना एका वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या. दोन, जिल्हा कार्यक्रमातल्या समुपदेशक, समाजसेवक, परिचारिका यांच्या जागा कायम भरलेल्या, वेळेवर पगार, आणि सीमाभागात दोन्ही भाषा येणारी माणसं. आमच्याकडे निपाणीपासून खानापूरपर्यंत अशी शिकलेली मुलं-मुली ढिगानं आहेत, नोकरी शोधताहेत. तीन, इस्पितळातून घरी आलेल्या माणसाकडे महिन्यातून एकदा आशाताईंनी डोकवावं, आणि या कामाचं त्यांना वेगळं मानधन मिळावं. चार, जिल्ह्यात दिवसभर बसता येईल, हाताला काम मिळेल असं केंद्र. घरच्यांना आठ तास मोकळे मिळाले तर माणूस घरात टिकतो.

हे काही मोठ्या पैशाचं नाही. पूल बांधण्यापेक्षा, इमारत उभारण्यापेक्षा कितीतरी कमी. फक्त दरवर्षी न चुकता द्यावं लागतं.

माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज करता येतो: आपल्या जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाला गेल्या वर्षी किती पैसे मंजूर झाले, किती खर्च झाले, किती जागा आहेत, किती भरल्या, आणि कोणती औषधं किती दिवस नव्हती. मी बेळगाव जिल्ह्यापुरता असा अर्ज लिहून ठेवलाय, याच महिन्यात देणार आहे. निपाणी-चिकोडीकडच्या, गोव्यातल्या, इंदूर-ग्वाल्हेरच्या, बडोद्याच्या, हैदराबादच्या कुणाला आपापल्या जिल्ह्यासाठी द्यायचा असेल तर मजकूर पाठवतो. उत्तरं आली की इथंच मांडू, म्हणजे कुठल्या गावात किती दिवस फळी रिकामी होती ते सगळ्यांना दिसेल.